पेनड्राइव्हच्या झोळीतला पाहुणा

यंत्रं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका दवाखान्यात एक संगणक होता. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, हे सारं त्याच्याच आठवणीत असे.

एके दिवशी त्याचा मित्र पेनड्राइव्ह रुग्णांचे अहवाल घेऊन आला. "दादा, लवकर आत घे!"

"आधी तपासतो, मग घेतो," संगणक म्हणाला.

पेनड्राइव्ह रुसला. "एवढी जुनी मैत्री, आणि माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर नाही रे. पण तू दहा ठिकाणी उतरतोस. तुझ्या झोळीत कोणी काय टाकलं, तुला तरी ठाऊक आहे का?"

तपासणीत अहवालाचं सोंग घेतलेला एक व्हायरस सापडला. तो आत शिरला असता, तर संगणकाची सगळी आठवण पुसली गेली असती. संगणकाने त्याला तिथेच संपवलं.

पेनड्राइव्ह ओरडला, "दादा, सकाळी मी रक्तपेढीतही अहवाल देऊन आलोय!"

"मग पळ!"

पेनड्राइव्ह धापा टाकत रक्तपेढीत पोचला. "मी दिलेली फाइल उघडली नाहीस ना?" त्याने तिथल्या संगणकाला विचारलं.

"नाही बाबा, आत्ता उघडणारच होतो."

पेनड्राइव्हच्या जिवात जीव आला. "ती टाकून दे," तो म्हणाला, "आणि यापुढे मी कितीही घाई केली, तरी आधी मला तपास."