उंबऱ्यावरची पेज

फार पूर्वी नदीकाठच्या एका पेठेत एक तांबट होता. हात सोन्याचे, पण जीभ म्हणजे लवंगी मिरची! त्यानं शेजारच्या आळीतल्या रंगाऱ्याला एक मोठा हंडा उधारीवर दिला होता. वर्ष झालं, तरी पैशाचं नाव नाही.

तांबट दारात जाऊन ओरडायचा, "चोरा, लाज आहे का?"

रंगारी त्याहून मोठ्यानं ओरडायचा, "नाही देत जा! काय करशील?"

आळीला फुकटची करमणूक झाली, पण पैसा काही हलला नाही. इकडे तांबटाकडचं तांबं संपलं होतं. बाजाराच्या दिवशी नवा पत्रा आणला नाही, तर भट्टी विझणार होती.

शेवटी तो रंगाऱ्याच्या उंबऱ्याशी धरणं धरून बसला. त्या पेठेची रीतच होती. येणेकरी दारात उपाशी बसला, की घरातल्यांनीही खायचं नाही. पण येणेकऱ्यानं आधी घास घेतला, तर त्याचं येणं बुडालं!

दुपार झाली. रंगारी आत दडून बसलेला. त्याची म्हातारी आई भिंत धरत धरत दारात आली.

"लेकरा, ऊन लागतंय रे तुला. जरा इकडं सावलीत सरक."

तांबट म्हणाला, "आजी, तुम्ही जेवलात?"

"तू उपाशी, मग मी कशी जेवू बाबा? पेज आहे चुलीवर. राहू दे."

बोलता बोलता तिचे पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली. तांबट तिला सावरायला पुढं धावला. बाजार आठवला, भट्टी आठवली, आणि तरी तो म्हणाला, "थांबा, मी पेज आणतो! आधी मी घोट घेतो, मग तुम्ही घ्या."

त्यानं चुलीवरची पेज आणली, घोट घेतला आणि वाटी आजीच्या हाती दिली. आळी खदाखदा हसली, "हरला रे, तांबट हरला!"

तेवढ्यात रंगारी बाहेर आला. डोळे भरलेले.

"दादा, माझा रंग बिघडला होता. लोकांची लुगडी वाया गेली, भरपाईत होतं नव्हतं ते गेलं. सांगायची लाज वाटायची. तू ओरडलास की मीही ओरडायचो, वाटायचं आवाजाखाली लाज झाकली जाईल. तो हंडा परत घेऊन जा."

"अरे वेड्या, हंडा नेला तर रंगवशील कशात?"

रंगाऱ्यानं घरातली होती ती चिल्लर पुढं ठेवली. "आज एवढंच आहे. बाकीचे दर बाजाराला थोडे थोडे देईन."

तांबट म्हणाला, "चालेल. एवढ्यात थोडाच पत्रा येईल, तर यंदा हंडे नकोत, लोट्या घडवतो."

रीतीप्रमाणं रंगारी आता काही देणं लागत नव्हता. तरी प्रत्येक बाजारी तो आला आणि पै न् पै फेडली. शेवटचे पैसे घ्यायला तांबट स्वतः त्याच्या घरी गेला. पैसे घेतले, पण उंबऱ्यावरून उठेना.

रंगारी हसला, "आता कशाचं धरणं, दादा?"

तांबटानं आत डोकावून हाक दिली, "आजी, पेज झाली का?"

तात्पर्य: येणं जरूर मागावं, पण माणूस राखून मागावं. रागानं लागलेलं दार मायेनं उघडतं.