सरळोजीची नवी जोडीदारीण

फार जुन्या काळी एका हरभऱ्याच्या दाण्यात, इवल्याशा पेशीत, दोन धागे एकमेकांना पीळ घालून राहत होते. एकाचं नाव सरळोजी, दुसरीचं उलटाबाई. दोघांच्या अंगावर अ, थ, ग, स ही चारच अक्षरं पुन्हापुन्हा लिहिलेली. त्याच्या अ समोर तिचा थ, त्याच्या ग समोर तिचा स, असे दोघांनी हात धरलेले. पण तो वरून खाली वाचायचा आणि ती खालून वर, म्हणून जन्मभर भांडण.

एकदा दाणा पाण्यात भिजला. अंकुर फुटायचा तर एका पेशीच्या दोन व्हायला हव्यात. मग पेशीतला कारागीर आला आणि त्यानं दोघांची वीण टराटरा उसवली.

"सुटलो बुवा!" सरळोजी म्हणाला. "दादा, आता जरा गोड बोलणारी जोडून दे. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं तरी चालेल."

"आणि अंकुर वाकडा निघाला म्हणजे?" कारागीर म्हणाला. "मी माझ्या मनानं काही बेतत नाही. तुमच्या अंगावर अ दिसला की थ लावतो, ग दिसला की स."

अक्षरामागून अक्षर जुळत इकडे सरळोजीसाठी नवी बाई आणि तिकडे उलटाबाईसाठी नवा गडी पूर्ण झाला. सरळोजीनं मोठ्या आशेनं नव्या बाईकडे पाहिलं.

"अहो, असं वरून खाली कुणी वाचतं का?" ती कडाडली.

तेवढ्यात पलीकडून उलटाबाई ओरडली, "कारागीरदादा, हासुद्धा तसाच निघाला हो!"

सरळोजीनं निमूटपणे पीळ घट्ट केला. सकाळी दाण्यातून पांढराशुभ्र, सरळ कोंब बाहेर आला होता.