दिवाणसाहेबांचा हात

"...पण चावडी पुन्हा उघडली आणि लोक भांडले, तर जबाबदार कोण, बाबा?"

दिवाण हैबतराव बोलत होते आणि लतीफबाबा फकीर त्यांच्या हाताच्या पट्ट्या सोडत होते. घोड्यावरून पडून मोडलेला हा हात बाबांनीच कामट्या लावून बांधला होता. हाड जुळायची मुदत केव्हाच उलटली होती, पण पुन्हा मोडेल या धास्तीने दिवाणसाहेब पट्ट्या सोडवायचं टाळत आले होते.

लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवली तीही बाबांनीच. त्यामुळे त्यांच्या झोपडीत आलं की हैबतरावांचा थाट जरा उतरत असे. आज मात्र उतरला नव्हता.

लुटारूंची धाड आली तेव्हा महाराजांनी गावकरी जमून निर्णय घेत ती चावडी बंद करून सगळा कारभार हाती घेतला. धोका टळेपर्यंत, असं सांगून. धोका टळला, चावडी बंदच राहिली. ती पुढेही बंदच ठेवायची, अशी नवी दवंडी उद्या पिटायची होती, आणि तिचा मजकूर दिवाणांनी मोठ्या झोकात लिहिला होता.

अडचण एकच होती. त्या गावात दवंडीवाला बाबांच्या ओट्यापाशी थांबायचा. बाबांनी मान डोलावली, की मगच लोक ती खरी मानायचे. उद्या मान हलली नाही, तर हैबतरावांची दिवाणगिरी गेलीच.

"लुटारू येतील, असं लिहिलंयस?"

"छे. ते आता कोण मानतंय? लिहिलंय, रयत अजून कच्ची आहे. साधी पाण्याची पाळी त्यांना आपसांत ठरवता येत नाही. ऊठसूट दरबारात धावतात. अशांच्या हाती कारभार द्यायचा म्हणजे त्यांचंच वाटोळं. यात खोटं काय आहे?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "धावतात खरे."

हैबतरावांना हायसं वाटलं.

शेवटची कामटी निघाली. हात बाहेर आला तो वाळक्या काटकीसारखा. घसा कोरडा पडला होता म्हणून हैबतरावांनी त्याच हाताने समोरचा तांब्या उचलला. बोटं थरथरली. तांब्या कलंडला.

"हाड जुळलं नाही की काय?" ते घाबरून गेले.

"जुळलंय. कधीच."

"मग?"

"हात अजून कच्चा आहे." बाबांनी कामट्या पुन्हा उचलल्या. "साधा तांब्या पेलवत नाही. आण इकडे, बांधतो. पक्का झाला की सोडू."

हैबतरावांनी हात झटकन मागे घेतला.

"बांधून कसा पक्का होईल, बाबा? इतके दिवस बांधून ठेवला म्हणूनच तर..."

ते थांबले.

सांडलेलं पाणी जमिनीत मुरत होतं. हैबतरावांना लाज वाटत होती, आणि भीतीही.

"आणि उद्याची दवंडी...?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबांनी तांब्या काठोकाठ भरला आणि त्या काटकुळ्या हातापुढे ठेवला.

"उचल. सांडलं तर सांडू दे."