मुक्या वाटेवरची हाक

तुम्ही उभे आहात त्या कातळाला आम्ही सडा म्हणतो. वर डोंगराच्या कुशीत दिसते ती थोरली राई, खाली ओढ्याकाठी आहे ती धाकटी. दोन्ही देवाच्या. दोन्हींत वाळकी काटकी उचलायचीसुद्धा कुणाची छाती होत नाही. मधला सडा मात्र उघडाबोडका, भर उन्हात पाय ठेववत नाही असा. त्यातून झाडांची एकच पट्टी, कुठे दहा हात रुंद तर कुठे जेमतेम पाच, थोरल्या राईतून निघते आणि वाकडीतिकडी होत धाकटीला जाऊन मिळते. तिला मुकी वाट म्हणतात. आषाढ लागायच्या आत आमच्या कुंडग्यातल्या प्रत्येक घरचं माणूस या वाटेने एकदा उतरतं. तोंडात रानजायफळाचं नाहीतर धुपाचं ओलं बी धरायचं, आणि एक वळण सोडलं तर धाकट्या राईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. ही रीत धाकू लाकूडतोड्यापासून सुरू झाली, असं जुनी माणसं सांगतात.

तेव्हा वरपासून खालपर्यंत एकच रान होतं म्हणे. दोन राया वेगळ्या नव्हत्याच. मग खाडीच्या मुखाशी गड बांधायचा हुकूम सुटला. गडाला चुना लागतो, चुन्याला भट्ट्या लागतात, आणि भट्टीच्या पोटाला तळ नसतो. तीन उन्हाळ्यांत मधलं सारं रान तुटलं. वरचा आणि खालचा तुकडा राहिला तो देवाच्या भीतीने. तोडणाऱ्यांत पहिली कुऱ्हाड धाकूची असे. झाड कुठल्या अंगाला पडणार हे तो बुंध्यावर हात ठेवून सांगायचा. वाईट माणूस नव्हता तो. हातात कसब होतं आणि डोक्यावर हुकूम होता, एवढंच.

तिसऱ्या वर्षी, चैत्रात, सड्याच्या मधोमध एकटा बेहडा उरला. चार माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या ढोलीत ककणेराचं घरटं होतं. मोठ्या चोचीचा हा पक्षी तुम्ही शहरात धनेश म्हणून ऐकला असेल. त्याची मादी अंडी घालायला ढोलीत शिरली की आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर दिवसभर फळं आणून तिला त्या फटीतून भरवतो.

धाकूची बायको शेवंती तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. ती रोज धाकूची भाकरी घेऊन सड्यावर यायची आणि त्या नराच्या खेपा बघत बसायची. बेहड्याची पाळी आली तेव्हा ती धाकूला म्हणाली, "ह्यां झाड आणखी दोन म्हयने ऱ्हवांदे. आत बाळंतीण असा."

धाकूने भट्टीच्या कारभाऱ्यापुढे हात जोडले. कारभारी घाटावरून आलेला. तो म्हणाला, "पाखराच्या बाळंतपणासाठी भट्टी विझवू? आठ दिवसांत झाड आडवं झालं पाहिजे. नाहीतर तुझी कुऱ्हाड दुसरा धरील आणि तू गडाचे दगड वाहशील."

धाकूने रात्रभर विचार केला आणि स्वतःपुरती एक पळवाट काढली. नर नसला तर मादी किती दिवस आत बसेल? भूक लागली की लिंपण फोडेल, उडून जाईल. मग रिकामं झाड तोडायला पाप कसलं? दुसऱ्या दिवशी त्याने गोफण घेतली. नर फळ घेऊन फटीपाशी आला तेव्हाच त्याने धोंडा मारला. एकाच धोंड्यात तो खाली आला.

मग धाकू वाट बघत राहिला. लिंपण काही फुटेना. सकाळ झाली की फटीतून चोच बाहेर येई आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच राही. सहाव्या दिवशी ती आली नाही. धाकूच्या मनाने घेतलं की गेली असेल उडून, आपल्याला दिसली नसेल. आठव्या दिवशी त्याने बेहडा पाडला. ढोली फुटली तेव्हा आत मादी होती, आणि तिच्याखाली दोन पिल्लं. तिघंही वाळलेल्या पानागत हलकी. मादीच्या पंखांना पिसंच नव्हती. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही हे धाकूला त्या दिवशी कळलं. बाकीच्या तोडणाऱ्यांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. बेहडा मात्र भट्टीत गेलाच.

शेवंतीला मुलगी झाली. तिचं नाव जनी ठेवलं. त्या सालापासून ककणेर कुंडग्यात दिसले नाहीत. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. थोरल्या राईत फळं धरत होती, पण ती खाऊन बी दूर टाकणारे ककणेरच नव्हते, म्हणून ती जिथल्या तिथे पडायची. आईच्या सावलीत रोपं वीतभर वाढून पिवळी पडायची. धाकट्या राईत जुनी झाडं पावसाळ्यात एकेक करून कोसळली, त्यांच्या जागी नवं काही येईना. पाचव्या वर्षी धाकट्या राईतला झरा आटला. बायका मैलभरावरून पाणी आणू लागल्या. तेव्हा गावाने देवाला कौल लावला.

कौल लावणारा गुरव म्हातारा होता. त्याने देवाला लावलेल्या पाकळ्या कुठे पडल्या ते बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "धाकू, ज्या तोंडाचो घास तू काढलंस, त्या तोंडाचां काम आता तुझ्या तोंडान कर."

धाकूला अर्थ समजला. दुसऱ्या दिवसापासून तो थोरल्या राईत जायचा, पिकून पडलेलं बी उचलायचा, तोंडात धरायचा आणि सडा उतरायचा. ही बियाणी वाळली की मरतात, म्हणून तोंडातलीच ओल हवी. बोललं की बी सुटतं, म्हणून बोलायचं नाही. वैशाख ते आषाढ, दिवसाला दहा-बारा खेपा. काही बियाणी धाकट्या राईत लावायची, काही वाटेवर कातळाच्या भेगांत. राईत रोपं धरली. वाटेवर मात्र पहिली तीन वर्षं एकही जगलं नाही. पावसात उगवायची आणि शिमग्यापर्यंत करपून जायची. गावातले लोक हसायचे. चौथ्या वर्षी एका करवंदीच्या जाळीत त्याला दोन हिरवी पानं दिसली. कधीतरी त्याच्या हातून तिथे बी पडलं होतं. जाळीच्या सावलीने ते वाचलं होतं, काट्यांमुळे गुरांनी खाल्लं नव्हतं. त्यानंतर तो प्रत्येक बी करवंदीत हात घालूनच लावू लागला. कोपरापर्यंत त्याचे हात कायम रक्ताळलेले असायचे. शेवंती त्यांना उंडीचं तेल लावायची, पण त्या बेहड्याविषयी नवराबायको पुन्हा कधी बोलली नाहीत.

बारा वर्षं गेली. पट्टी कमरेएवढी झाली. जनीचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. सातवा महिना होता. मृगाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या. बापाच्या खेपा संपत आल्या म्हणून त्या दिवशी तीही थोरल्या राईत गेली, आणि परतताना त्याच्या पुढे दहा पावलांवर चालू लागली. पट्टीच्या अर्ध्यावर, जिथे वाट वळते, तिथे तांबड्या कातळावर तांबूस फुरसं वेटोळं करून बसलेलं धाकूला दिसलं. जनीच्या पुढल्या पावलाच्या जरा डावीकडे.

धाकूच्या तोंडात बी होतं. बारा वर्षांत त्या वाटेवर त्याने तोंड उघडलं नव्हतं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याचे दात मिटलेलेच राहिले. मग बी थुंकून तो जिवाच्या आकांताने ओरडला, "जने!"

बापाचा आवाज त्या वाटेवर तिने जन्मात ऐकला नव्हता. दचकून ती वळली, आणि वळताना तिचा डावा पाय फुरशावर पडला.

वैदूने केलं तेवढं केलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोटातलं तिच्याबरोबर गेलं.

गावात दोन तट पडले. कुणी म्हणे, मौन मोडलं म्हणून देवाने नेली. कुणी म्हणे, मौन लवकर मोडलं असतं तर वाचली असती. बाळंतिणीचा शाप तर प्रत्येकाच्या जिभेवर होता. शेवंतीने अंगणात जमलेल्या बायकांना एवढंच सुनावलं, "शाप नाय नि देव नाय. फुरसां चावलां. घराक जावा."

धाकूने अंथरूण धरलं. खाणं सोडलं, बोलणंही सोडलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेवंतीने दारात उभं राहून विचारलं, "आज बी कोण नेतलो?" तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ती एकटीच थोरल्या राईत गेली. बी तोंडात धरून उतरू लागली. वळणापाशी आल्यावर तिने बी तळहातावर काढून घेतलं आणि मोठ्याने, सड्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशी, जनीच्या नावाने हाक मारली. मग बी पुन्हा तोंडात धरून ती खाली गेली. घरात पडलेल्या धाकूने ती हाक ऐकली म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो उठला आणि तिच्या मागून चालू लागला. दोघं मरेपर्यंत वाट चालत राहिली. एकमेकांशी बोलली की नाही, ते कुणी सांगत नाही.

ककणेर त्यांच्या हयातीत परतले नाहीत. त्यांच्यामागे पाचव्या पिढीला एक जोडी दिसली असं म्हणतात. अलीकडे कधी दिसते, कधी दोन-दोन वर्षं नाही. झरा पौषापर्यंत वाहतो, पुढे आटतो. पट्टी अजून अरुंदच आहे.

आजही लोक त्या वळणावर थांबतात. प्रत्येकजण बी तळहातावर घेतो आणि आपल्या पुढे चालणाऱ्याला नावाने हाक मारतो. ज्याला हाक आली त्याने पाऊल उचलायचं नाही, मान फिरवायची नाही. मागचा माणूस पायाखालची जागा बघून खांद्यावर हात ठेवीपर्यंत आहे तिथेच उभं राहायचं. कुंडग्यातली पोरं चालायला लागली की आधी हे शिकतात. त्या वळणावर आईने हाक मारली, तरी मूल मागे वळत नाही.