लाखबंद खोक्यांतला जुना रेडिओ

“खोकं उघडायचं नाही, हलवायचं नाही! यातला जुना रेडिओ कुठला, ते जागेवरून सांग. नाही जमलं, तर उद्यापासून तुझी भट्टी बंद!”

कनकवाडीच्या महाराजांनी हट्ट धरला की धरला. समोर लाखेनं बंद केलेली तीन खोकी, शेजारी मिशीला पीळ देत त्रिंबकशेट, आणि मध्ये उभी कल्हईवाली सगुणा. जिभेला हाड नाही, एवढाच काय तो बाईचा दोष! शेटनी तिन्ही रेडिओ कोरे करकरीत म्हणून महाराजांपुढे मांडले. तेव्हा राजवाड्याची पातेली द्यायला आलेली सगुणा फटकन बोलून गेली, “कोरे? अहो, एकाची पितळी बटणं गेल्या आठवड्यात मीच उजळून दिलीत की!”

“साफ खोटं!” शेट कडाडले. “आणि लाख फोडली, तर माल मी परत घेणार नाही, महाराज. दुकानाचा नियम आहे!”

म्हणून हा पेच. सगुणानं तिन्ही खोकी न्याहाळली. भट्टी गेली तर घरात चूल कशावर पेटणार? आणि मेली खोकी तर तिन्ही सारखीच!

तिनं पदर खोचला. “शेट, तिन्ही कोरे ना?”

“शंभरदा सांगू?”

“मग महाराज, तिन्ही घ्या आणि एक शेटनाच बक्षीस द्या. त्यांच्या पसंतीचा.”

महाराजांना गंमत वाटली. “दिला!”

शेटचे डोळे लकाकले. पायाशी असलेलं खोकं ओलांडून, दुसऱ्याला वळसा घालून, त्यांनी पार टोकाचं तिसरं उचललं आणि काखोटीला मारलं.

“अगं बाई! सगळे सारखेच, तर एवढी पायपीट कशाला?” सगुणा म्हणाली. दरबारात खसखस पिकली.

“माझी आवड!”

“असू दे. आता उरलेल्या दोन्ही रेडिओंची हमी द्या लिहून. दोन वर्षांत रेडिओ बंद पडला, तर दुरुस्त होईपर्यंत शेटनी रोज त्याच्या जागी बसून गायचं!”

“वा! आणा दौत!” महाराज मांडी थोपटत म्हणाले.

शेटना दरदरून घाम फुटला. पहिल्या खोक्यावर हात ठेवून ते पुटपुटले, “याची... याची देतो. गिऱ्हाइकानं नुसता उघडून परत केलाय, आत काही झालेलं नाही...” आणि त्यांनी जीभ चावली.

“आणि दुसऱ्याची?” सगुणानं विचारलं.

शेटनी खोक्याकडे पाहिलं, दौतीकडे पाहिलं, आणि काखेतलं खोकं न सोडताच महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. “दोनदा दुरुस्त केलाय, महाराज! मला गाता येत नाही हो!”

“मीही जुनं उजळून देते, शेट,” सगुणा म्हणाली. “पण नवं म्हणून नाही विकत!”

महाराज इतके हसले, की पगडी मांडीवर आली. डोळे पुसत त्यांनी गिऱ्हाइकानं परत केलेला पहिल्या खोक्यातला रेडिओ अर्ध्या किमतीत स्वतःला ठेवला. दुसऱ्या खोक्यावर ‘दुरुस्त केलेला’ असं ठळक अक्षरांत लिहून ते दुकानात परत धाडलं. मग शेटच्या काखेतला कोरा रेडिओ सोडवून सगुणाच्या हाती दिला.

“आणि शेट, याचीही हमी द्या लिहून. गाणं तिच्या भट्टीवर!”