गुळमुळीत बोलण्याचा चिनी शब्द

इंदुताई पेडणेकरांनी साठीनंतर चिनी भाषा शिकायला घेतली, आणि संस्थेचे संचालक घैसाससाहेब त्यांची थट्टा करायची एकही संधी सोडेनात. तोंडी परीक्षेला तर ते स्वतःच येऊन बसले. वर्गाचा नियम असा, की शब्दाचा अर्थ सांगायचा नाही. कुणाशी तरी बोलून तो दाखवून द्यायचा. साहेबांनी यादीतला सर्वांत अवघड शब्द काढला, 'मोलंग-ल्यांगख'. म्हणजे ना धड हो, ना धड नाही, असं गुळमुळीत बोलणं.

"जमेल का आजी? नाहीतर पुन्हा पहिल्या वर्गात बसा!"

इंदुताईंनी पदराने घाम पुसला आणि वर पाहिलं. "साहेब, वर्गातला पंखा कधी दुरुस्त होणार?"

"त्याचं काय आहे, विषय आमच्या विचाराधीन आहे. योग्य वेळी योग्य ते होईलच. बघू."

"झालं माझं," म्हणत इंदुताई खाली बसल्या.

शिकवणाऱ्या लिनबाईंनी हसत हसत पैकीच्या पैकी गुण दिले. वर्गाने टाळ्या पिटल्या. साहेब आधी लालबुंद झाले, मग स्वतःच खो खो हसले. "उद्या सकाळी दहाला पंखा फिरेल!"

"अगंबाई!" इंदुताई लिनबाईंकडे वळल्या. "अशा रोखठोक बोलण्याला चिनीत काय म्हणतात हो? या वर्गात पहिल्यांदाच ऐकलं."