गयाबाईचा थर

भाविकहो, झोळीनाथ महाराज पिंपळदऱ्याला आले ते दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात. जत्रा नव्हती, सप्ताह नव्हता, ओवाळायला निरांजनात तेलसुद्धा नव्हतं. सगळं गाव नाल्यावर. सरकारनं तिथे पाणी अडवायला मातीच्या बांधाचं काम काढलं होतं. पाटी उचलेल त्याला मजुरी आणि धान्य. म्हणून चुली पेटत होत्या, नाहीतर कसलं काय!

गयाबाई कुंभारणीचा नवरा हे काम निघायच्या महिनाभर आधी गेला. आजार कोणता, ते कुणी विचारलं नाही. तो उपाशी गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई तोंडानं नाव घ्यायची महाराजांचं आणि हातानं मातीवर धुम्मस आदळायची.

बांधाच्या पोटात चिकणमातीची भिंत घालायची असते. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं ठोकायचा. त्यासाठी टँकरमधून एक पिंप वेगळं भरून ठेवत. पण उन्हानं जीव जायची वेळ आली, तेव्हा गुणाजीराव मुकादमानं ते पिंपही प्यायला दिलं. "माणसं तहानलीत आणि मातीला कशाला पाणी? ठोका कोरडीच!"

"साहेब, कोरडी माती कितीबी बडवा, ती धरत नाय," गयाबाई म्हणाली. "बांध फुटला तर काम बंद व्हईल. मग खायाचं काय?"

"मडकी घडवणारी आता मला बांध शिकवणार!" मुकादम खो-खो हसला. लोकही हसले. हसणारच, पाणी प्यायला मिळालं होतं ना! आपल्या वाट्याच्या पाण्यातलं निम्मं बाईनं आपल्या थरावर शिंपडलं. रोज, पंधरा दिवस.

महाराज आले, त्यांनी झोळी बाभळीला अडकवली आणि पाटी मागितली. मुकादम म्हणाला, "बुवा, तुम्ही कीर्तन करा." महाराज म्हणाले, "तेच करायला आलोय." आणि गयाबाईशेजारी उभे राहून त्यांनीही आपलं पाणी मातीला दिलं.

चौथ्या दिवशी दुपारी डोंगरावर वळीव कोसळला. नाला लाल होऊन धावत आला आणि अर्धवट बांधाला भिडला. गयाबाईचा भाग निधड्या छातीनं उभा राहिला. पण पलीकडे, कोरड्या थरातून, बोटाएवढी धार सुटली. बघता बघता मनगटाएवढी झाली. मुकादमाचं तोंड पांढरं पडलं. बायाबापड्या पाट्या टाकून मातीत बसल्या आणि हंबरडा फोडू लागल्या. पाण्याला कोण रडतंय? घरातलं पीठ चालल्यासारख्या रडत होत्या त्या.

"महाराज, एवढं तरी राहू द्या हो!" गयाबाई ओरडली.

महाराज उतार उतरून गेले आणि त्या धारेला पाठ लावून बसले. डोळे मिटले. पाणी खांद्यावरून आलं, कमरेखालून आलं, मग बारीक झालं, मग थांबलं! संध्याकाळी नाला ओसरेपर्यंत ते तसेच बसून होते. सकाळी काम तपासायला आलेल्या सरकारी ओव्हरसियरनं तिथे पहार घातली. कोरडी ढेकळं जाऊन आत हातभर माती तुकतुकीत मळलेली, जणू आता चाकावर ठेवावी. अशी माती कुणी कालवली, हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही.

मुकादम महाराजांच्या पायांकडे वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी पाठ लावली ती एक दुपार," महाराज म्हणाले. "पंधरा दिवस घसा कोरडा ठेवून बांध कुणी धरला, ते बघ."

गुणाजीराव सगळ्या गावासमोर चालत गेला आणि त्यानं कुंभारणीच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई लाजून मागे सरली नाही. "उठा" म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग ती हळूच म्हणाली, "साहेब, आज पानी मातीला देऊ का?"

मुकादमानं पायांवरचं डोकं उचललं नाही. तसाच म्हणाला, "दे बाई. माझ्या वाट्याचंही दे."